मधूच्या ग्रहणाची काच

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. फणसाच्या लाकडाची, छप्पन साली वसईजवळच्या आगाशी गावात घडलेली. स्वभावाने जरा तापट आहे, पण खोटं बोलणार नाही. माझ्या पोटात विजेचा दिवा, समोर दुधी काच आणि तिच्यापुढे काचेवर छापलेला फोटो. दिवा लागला की फोटो उजळतो.

विद्याधरमास्तरांनी मला बनवलं ते एकाच फोटोसाठी. त्यांचा धाकटा भाऊ मधू दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढायचा. चंद्रग्रहणाचा फोटो काढला आणि त्याच वर्षी विषमज्वराने गेला बिचारा! त्याच्या हातची ही एकच काच उरली होती. त्यांच्या आईने, आनंदीबाईंनी, जन्मात ग्रहण पाहिलं नव्हतं. ग्रहणात बाईमाणसाने बाहेर पडायचं नाही, ही घरची रीत. आता मात्र त्या म्हणाल्या, "मधूने काय पाहिलं, ते मला एकदा बघायचंय."

मास्तरांचं घराणं केळीच्या बागायतदारांचं. केळी पिकत घालायची तर खोलीची फट न् फट शेणमातीने लिंपायची, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. माझ्या फटींतून उजेड सांडतोय म्हणताच त्यांनी मलाही तशीच लिंपून टाकली! वारा जायला बोटभर जागा ठेवली नाही. मी किती करकरले! पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावली. शेजारचे ज्युलियस मदतीला आले होते. बटण दाबलं. आनंदीबाई पदराने चष्मा पुसत होत्या, त्याचा डाग निघता निघेना. इकडे माझं पोट भाजून निघत होतं. कुणाला सांगू?

कट्! काचेच्या कोपऱ्याला तडा गेला. ज्युलियसनी झटकन दिवा बंद केला, खिडकीवरचं गोणपाट ओढून काढलं. तरी तडा पुढे सरकतच होता, थेट चंद्राकडे. मास्तर ओलं फडकं घेऊन धावले.

"हात लावू नकोस!" आनंदीबाई ओरडल्या. "तापल्या काचेला पाणी लावतात का रे? लहानपणी कंदिलाच्या काचा कमी फोडल्यास?"

"आई, मधूची काच जाईल गं!"

"गप. आधी हे लिंपण काढ. केळी पिकत घातलीस का चंद्र?"

त्यांनी स्वतःच विळ्याच्या टोकाने माती खरवडली. माझं दार उघडलं. मग तिघंही काचेकडे बघत बसून राहिले. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली होती. मला तर वाटलं, संपलं सगळं! तडा रेंगाळत रेंगाळत चंद्रापासून दोन बोटांवर थांबला.

पुढच्या रविवारी माझ्या पाठीला भोकं पाडली, लहान दिवा बसवला. आनंदीबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. अर्धा चंद्र सावलीत, अर्धा लख्ख.

"ग्रहणाच्या रात्री तो अंगणातून हाका मारत होता," त्या म्हणाल्या. "आई, ये ना, बघ ना. आणि मी आतून कडी लावून घेतली." मग त्या माझ्यावर डोकं टेकून रडल्या.

आता मी मास्तरांच्या शाळेत कपाटावर धूळ खात पडून आहे. मित्रांनो, मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, माझी भोकं बुजू देऊ नका. आणि घरातलं कुणी "ये ना, बघ ना" म्हणालं, तर हातातलं काम टाकून जा.