तीन हाका

सीमेवरच्या जैनथ गावातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सुनयनाचं काम ठरलेलं होतं. अय्यगारू, म्हणजे तिथले पाळक, तेलुगूत एक वाक्य बोलून थांबत. शेजारी बसलेली सुनयना ते मराठीत सांगे आणि मगच पुढचं वाक्य निघे. अय्यगारूंना इथं येऊन आठ वर्षं झाली, पण त्यांची मराठी 'बसा' आणि 'जेवले का' यापुढं काही सरकली नाही. तेलुगू शाळेत दहावी झालेली सुनयना नसती, तर अर्धी मंडळी दर रविवारी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत बसली असती. तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. अय्यगारू 'मी' म्हणाले की आपणही 'मी'च म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही.

त्या रविवारी एदेन बागेचा भाग होता. आदामानं फळ खाल्लं, देवाची चाहूल ऐकून तो झाडांमागं लपला आणि देवानं 'तू कुठं आहेस?' म्हणून हाक मारली. सुनयना रंगून सांगत होती. समोर पुरुषांच्या बाजूला तिचा नवरा रविकांत मांडी घालून ऐकत होता. वचन आपल्या बायकोच्या तोंडून येतं, याचा त्याला भारी अभिमान.

मग अय्यगारूंनी डोळे मिटले. "काल प्रार्थनेत देव माझ्याशी बोलला," ते म्हणाले.

"काल प्रार्थनेत देव माझ्याशी बोलला," सुनयनानं सांगितलं.

"त्यानं मला एक घर दाखवलं."

"त्यानं मला एक घर दाखवलं."

"खाटेवर म्हातारी आहे. ती पाणी मागते. सून चुलीपाशी बसून ऐकते आणि उठत नाही."

सुनयनानं वळून अय्यगारूंकडं बघितलं.

हे घर देवानं दाखवलेलं नव्हतं. तिनंच दाखवलं होतं, मंगळवारी, याच खोलीत. दोन वर्षांमागं तिची सासू बयनाबाई आजारी होती. 'सून मले उपाशी ठेवते' असं तिनं सकाळी शेजारणीला सांगितलेलं सुनयनानं ऐकलं. दुपारी म्हातारीनं पाणी मागितलं तेव्हा ही डाळ निवडत बसून राहिली. ओरडू दे जरा, असं मनात आलं. तीन हाका आल्या. चौथी आली नाही म्हणून ही उठली, तोवर सगळं संपलं होतं. रविकांत शेतातून धावत आला तेव्हा ती बोलून गेली, माय झोपेतच गेली. माय सुखानं गेली, एवढ्याच समाधानावर तो माणूस सावरला होता.

हे तिला मराठीत कधी बोलवलं नसतं. तेलुगूत बोलवलं. अय्यगारूंनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हे तू आणि प्रभू यांच्यातच राहील, तुला क्षमा झाली. पाच दिवस ती हलकी होऊन वावरली, दोन घास जास्त जेवली.

अय्यगारूंना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. वर जोडलं, "ती बाई आज इथंच लपली आहे. देव तिचा न्याय करील."

वाक्य बदलणं सोपं होतं. कुठल्याही पापाचं काहीही सांगून मोकळं होता आलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. पण तिच्या अंगाची आग आग झाली. चहाडी यांनी केली आणि नाव देवाचं घातलं. आणि तेही माझ्याच तोंडून वदवतायत. बागेत देवानं आदामालाच विचारलं होतं, तू कुठं आहेस म्हणून. त्याच्याबद्दल दुसऱ्या कोणाला सांगत सुटला नव्हता.

तिनं आठ वर्षांचा नियम मोडला.

"देवानं यायले काई दाखवलं नाई," ती म्हणाली. "मीच सांगतलं मंगळवारी. गुपित ठेवतो म्हणले होते. ते म्हातारी म्हणजे आमची सासू. ते सून मी." मग ती रविकांतकडं वळली. "माय झोपेत नाई गेली. पानी मागून राह्यली होती."

बायकांच्या बाजूला कोणीतरी पोराला गप्प केलं.

"किती हाका मारल्या मायनं?" रविकांतनं बसल्या जागेवरून विचारलं.

"तीन."

"अन् तू काऊन नाई उठली?"

"राग होता मले."

तो उठला आणि चपला शोधत बाहेर गेला.

अय्यगारूंना एवढंच दिसलं, की लोकांच्या काळजाला हात लागला आहे. ते समाधानानं तिच्याकडं झुकले आणि तेलुगूत म्हणाले, "आता सांग त्यांना, प्रभूनं त्या बाईला क्षमा केली."

हे वाक्य मंगळवारी तिनं खरं मानलं होतं. आता त्याच तोंडून ते ऐकताना तिला किळस आली. क्षमा मागायची होती ती खाटेवरच्या म्हातारीची, आणि त्या बाहेर गेलेल्या माणसाची. त्यांची क्षमा अय्यगारू कुठून देणार? तिनं ते मराठीत सांगितलं नाही. लोक वाट बघत राहिले, अय्यगारू 'सांग, सांग' म्हणत राहिले.

तेवढ्यात बाहेरून, मोटारसायकलपाशी उभ्या रविकांतची हाक आली. नुसतं नाव. त्यात माया नव्हती, आणि घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय हेही त्यावरून कळत नव्हतं.

सुनयना पहिल्याच हाकेला उठली.