आबांची अट

पारोळ्याजवळच्या त्या गावात ग्रामपंचायतीनं टीव्ही आणला आणि त्याच्या कपाटाची किल्ली अभिमन आबांच्या करदोड्याला लागली. आबांना एकाच गोष्टीची चीड होती. शेतीचा कार्यक्रम लागला की पंचायतीचा ओटा रिकामा, आणि शनिवारी पिक्चर लागला की पाय ठेवायला जागा नाही. म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी अट घातली: शुक्रवारी शेतीचा कार्यक्रम जो बसून पाहील, त्यालाच शनिवारी पिक्चर.

अट ऐकायला मोठी शहाणपणाची. पण कार्यक्रम लागायचा दिवेलागणीला, तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या बायका चुलीपुढे. पुरुष ओट्यावर हजेरी लावून पेंगायचे आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत पिक्चर बघायचे. झुंबरबाईनं दोन महिन्यांत पिक्चरचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचं घर पंचायतीच्या भिंतीला लागून. आबा आवाज इतका मोठा ठेवत, की भाकरी थापता थापता तिला अख्खा कार्यक्रम ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना ती तो बायकांना सांगायची. एवढं करून आपणच बाहेर राहायचं, याचा तिला मनस्वी राग यायचा.

त्या शनिवारी तिनं भाकरी दुपारीच टाकल्या आणि सात-आठ बायकांना घेऊन ओट्यावर आली. आबा आडवे आले.

“आबा, बठ्ठास्ले सवाल इचारा,” ती सगळ्यांकडे हात करत म्हणाली. “ज्याले उत्तर येई, तोच बसी.”

आबांना हजेरी लावणाऱ्यांचा भारी भरवसा. ते हो म्हणाले. सवाल झुंबरबाईनंच काढला: तपासणीला पाठवायची माती शेतात कुठून घ्यायची नाही, काल काय सांगितलं? पहिल्या रांगेतल्या रुपचंदनं कान खाजवला. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले.

“झाडखालेन नही, बांधजोडेन नही, नि उकिरडाजोडेन ते नहीच नही,” तिनं सांगून टाकलं. “आबा, बरोबर शे ना?”

आबा हळूच म्हणाले, “माले काय ठाऊक, बाई? मी ते धाबावर र्‍हास.”

खरंच होतं ते. वाऱ्यानं अँटेना फिरला की चित्र जायचं, म्हणून टीव्ही सुरू करून आबा जे धाब्यावर, म्हणजे पंचायतीच्या मातीच्या छतावर चढायचे, ते शेवटपर्यंत अँटेनाचा बांबू धरून बसायचे. झुंबरबाईला आधी हसू फुटलं, मग ध्यानात आलं. म्हणजे टीव्ही आल्यापासून दोन वर्षांत आबांनी एकही पिक्चर पाहिला नव्हता.

तिनं पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी गोणपाट अंथरलं आणि रुपचंदला वर पिटाळलं. आबा पिक्चरभर तोंड उघडं टाकून बघत राहिले. गाण्याला तर त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

त्या दिवसापासून ठरलं, ज्याचं उत्तर चुकेल त्यानं बांबू धरायचा. पुढच्या शुक्रवारी बांबू रुपचंदकडे होता; ओटा गच्च भरला, सगळ्यांचे कान टवकारलेले. शेतीचा कार्यक्रम जन्मात पहिल्यांदा समोरून बघायला मिळणार म्हणून आबा धोतर सावरून सगळ्यांत पुढे बसले, आणि बियाण्याचं नाव निघायच्या आत घोरायला लागले.

शनिवारी झुंबरबाईनं सवाल विचारायच्या आधीच ते मुकाट्यानं शिडी चढले.