उपासनाचं पहिलं वाक्य

“माझ्या आजीचं घर गावकुसाच्या आत होतं,” उपासना पुन्हा म्हणाली, तशी मेथी निवडणाऱ्या रमाबाईंचा हात थांबला.

अमेरिकेतल्या, मॉरिसव्हिलच्या त्या स्वयंपाकघरात नात भाषण घोकत होती. इंग्लंडातल्या एका जुन्या शहराची तटबंदी उकरण्यात दोन उन्हाळे घालवून ती आली होती, आणि संध्याकाळी मराठी मंडळात त्यावर बोलणार होती, तेही मराठीतून. ‘टाउन वॉल’ला मराठी शब्द तिनं फोनवर शोधला, तर ‘गावकूस’ निघाला. कूस म्हणजे आईची कूस, गाव लेकरांना कुशीत घेतं, असा अर्थ तिनं आपला आपणच लावला आणि त्या कुशीत आजीला नेऊन बसवलं.

तिचा तरी काय दोष? तिच्या बापानं, देवानंदनं, पोरीला बाबासाहेब शिकवले, पण आपलं घर गावात कुठं होतं ते कधी सांगितलं नाही. लेकाच्या शब्दाखातर रमाबाईंनीही तोंडाला कुलूप घातलं होतं. आताशा तर त्यांना भांडायचाही कंटाळा आला होता. आणखी एक संध्याकाळ गप्प बसल्या असत्या, तर आभाळ कोसळणार नव्हतं.

उपासना पुढं वाचत होती. तटाच्या आत बाजार, चर्च, सावकारांची घरं. बाहेर, खंदकापलीकडं, कातडी कमावणाऱ्यांचे खड्डे आणि गुरांच्या शिंगांचा ढीग सापडला होता.

“ते बाहेर का गं राहायचे?”

“वास यायचा ना, आजी. सो टाउनवाले त्यांना आत अलाउ नाही करायचे.”

“वास कामाला यायचा, का माणसाला?”

“गुड क्वेश्चन,” उपासना हसली.

“माझं घर बाहेर होतं,” रमाबाई म्हणाल्या. “उगवतीला. आमच्यावरचा वारा गावात जाऊ नये म्हणून.”

“म्हणजे सबर्बसारखं?”

“सबर्ब म्हण. सबर्बातल्या बाईला विहिरीवरून हाकलतात का गं?”

मग त्यांनी सगळं सांगितलं, काडी न् काडी मोडत, आवाज न चढवता. मेलेली गुरं कोण ओढायचं, तेही सांगितलं. पोरगी खाली बसली.

देवानंद दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं लेकीला इंग्रजीत बजावलं, ते वाक्य काढ, इंग्लंडाचं तेवढं बोल. मग आईकडं वळला.

“आई, कशाला उकरतेस? सगळे ओळखीचे असतात तिथं. शोभनावहिनी तर दर महिन्याला आपल्याकडं जेवतात.”

“मग पचलंय की. आता काय ओकणार आहेत?”

लॅपटॉप मिटून उपासना कपडे बदलायला गेली.

हॉल भरला होता. पहिलं चित्र पडद्यावर आलं आणि उपासना माइकपुढं आली.

“माझ्या आजीचं घर गावकुसाच्या बाहेर होतं,” ती म्हणाली. “का, ते मला आज कळलं.”

देवानंद बुटांकडं बघत राहिला. रमाबाईंच्या शेजारी शोभनावहिनींनी मांडीवरची पर्स उगाच उघडली, मिटली. उपासनानं दुसरं चित्र लावलं, तटाचं, मग खंदकाचं. शेवटी टाळ्या वाजल्या, जेवढ्या वाजायच्या तेवढ्या.

जेवणाची हाक आली. एरवी रमाबाईंना दंडाला धरून उठवायच्या त्या शोभनावहिनीच. आज त्या ताटांच्या रांगेत कधी जाऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. रमाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर सारखा केला, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि सावकाश, आपल्या आपण उठल्या.