राहिलेला हातमोजा

टक्.

जेवणाच्या टेबलाखाली एक बटण पडलं, स्वतःभोवती दोन गिरक्या घेत घरंगळलं आणि पाहुण्या बाईंच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

त्याआधी चांगली पाच मिनिटं त्या खोलीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. जेवण आटोपलं होतं, टेबल पुसून झालं होतं, आणि दूरदेशाहून आलेल्या त्या पाहुण्या बाई हात मांडीवर ठेवून शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या. मालकांची जीभ नुसती शिवशिवत होती. समोरचा गप्प बसला की काहीतरी बोलून टाकायचं आणि मग कपाळावर हात मारायचा, हा त्यांचा जुना स्वभाव. म्हणून हे घर जिचं होतं, त्या त्यांच्या कारखान्यातल्या कारकून बाईनं टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय ठेवून दाबून धरला होता. मालकाचा पाय तुडवायची संधी नोकरीत एकदाच येते, आणि तीही कारखान्याच्या भल्यासाठी, असं मनात येऊन तिला त्या अवघडलेल्या शांततेतही हसू फुटायच्या बेतात होतं.

बटण पाडलं होतं बबडीनं. सहा वर्षांची तिची लेक पडद्याआड बसून बटणांची रांग लावत होती. पाहुण्या वाकल्या, बटण उचललं, उजेडाकडे धरलं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग बबडीच्या आईकडे वळून, एकेक शब्द निवडत, त्यांनी विचारलं, हे कुणी घासलं?

कारखाना बटणांचा होता. लाकडाची, शिंगाची आणि शिंपल्याची बटणं. बाकी सगळं यंत्रावर व्हायचं, पण शिंपल्याची बटणं मागच्या खोलीत अकरा बायका हातानं घासायच्या. त्या खोलीला सगळे ‘हातकाम’ म्हणत. तिच्या सासूबाई तिथे तीस वर्षं बसत होत्या. इतकी वर्षं शिंपला घासून त्यांच्या अंगठ्याला रेषाच उरल्या नव्हत्या. मुलानं हौसेनं घेऊन दिलेला फोन त्यांचा अंगठा काही ओळखायचा नाही. “एवढी मोठी झाले, आणि एका डबीला पटत नाही मी कोण ते,” असं म्हणून त्या फोन सुनेच्या हातात द्यायच्या.

मालकांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगून टाकलं होतं. हातकामाला पुरेल असं एखादं परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर पावसाळ्याआधी ती खोली रिकामी करून तिथे यंत्र बसवायचं. माणूस वाईट नव्हता. सांगताना त्याची नजर वर होत नव्हती. आणि गिऱ्हाईक आलं होतं ते या एकाच बाईंच्या रूपानं.

परदेशची पत्रं लिहायचं काम तिच्याकडे, म्हणून पाहुण्यांच्या रीतिभातीचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. मालकांनी कुठूनशी एक चाळीस पानांची पुस्तिका आणून दिली. लेकीची वेणी घालताना, दूध तापायची वाट बघताना, नवरा मालाची गाडी घेऊन दोन-दोन दिवस बाहेर असायचा तेव्हा त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसून, तिनं ती पाठ केली. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. पाहुण्याच्या आधी उठायचं नाही. शांतता पसरली तर ती मोडायची नाही, तो मान असतो. पहिल्या भेटीत सौद्याचं नाव काढायचं नाही; आणि ही भेट शक्यतो पत्र लिहिणाऱ्याच्याच घरी, साध्या जेवणावर व्हावी. मालक आठ दिवस आरशासमोर दोन्ही हातांनी कार्ड देत होते. त्यांची बायको म्हणाली होती म्हणे, लग्नात हार घालतानासुद्धा एवढे वाकला नव्हतात.

आणि आता सगळं सुरळीत पार पडत होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडे बोट न दाखवता, पुस्तिकेत होतं तसा पूर्ण तळवा वळवून, ‘यांनी’ म्हणून सांगितलं. पाहुण्या उठल्या, सासूबाईंचा हात हातात घेऊन अंगठा निरखून पाहिला. पाहतच राहिल्या. मग आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाल्या आणि ते बटण बबडीच्या मुठीत ठेवून दिलं.

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मालक दारातच मटकन खाली बसले.

“जमलं,” ते म्हणाले. “माझ्या पायाचं काही खरं नाही, पण जमलं.”

तेवढ्यात बबडी आतून आली. तिच्या हातात एक राखाडी लोकरीचा हातमोजा होता. दाराजवळच्या फळीवर, नीट घडी घातलेला, तिला सापडला होता. एकच होता. मनगटावरचं बटण तुटलेलं, नुसते दोन धागे लोंबत होते.

पुढची पंधरा मिनिटं ती नंतर कितीतरी वेळा आठवत बसली. कुणीही चुकीचं वागलं नव्हतं. तिनं स्वतः धावत जाऊन पुस्तिका उघडली. ‘घरची भेट’ हे प्रकरण पाहुण्याला दारापर्यंत सोडावं इथेच संपत होतं. विसरलेल्या वस्तूंबद्दल एक अक्षर नाही. मालक म्हणाले, अशाच गोष्टींत तर माणसाची पारख होते, आत्ताच्या आत्ता नेऊन देऊ, उद्या सकाळी त्या जाणार. सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्याची वस्तू घरात राहिली तर मला घास जायचा नाही. पण तुटक्या बटणाचा हातमोजा तसाच कसा द्यायचा? त्यांनी बबडीच्या मुठीतलंच ते बटण मागून घेतलं आणि चष्मा नाकावर सरकवून असं पक्कं शिवून टाकलं की लोकर फाटेल पण बटण सुटायचं नाही. बबडी रुसली नाही. दुसऱ्याचं दुसऱ्याला द्यायचं असतं, हे ती बोलायला लागल्यापासून ऐकत आली होती.

हॉटेलच्या दिवाणखान्यात पाहुण्या चहा पीत बसल्या होत्या. बबडीनं शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी हातमोजा पुढे केला. अगदी बरोबर, कोपर शरीराला लावून, मान किंचित खाली.

पाहुण्यांनी लगेच हात पुढे केला नाही. आधी हातमोज्याकडे पाहिलं, मग नव्या बटणाकडे, मग बबडीमागे उभ्या असलेल्या तिच्या आईकडे. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्यानं उघड्या दाराकडे पाहत यावं आणि ते समोरच आवाज न करता बंद व्हावं, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर येऊन गेलं. बबडीच्या आईला ते दिसलं; पण प्रवासाचा शीण असेल, असं तिनं मनाला समजावलं. पाहुण्यांनी हातमोजा घेतला, दिवसभरात वाकल्या नव्हत्या इतक्या वाकल्या, आणि म्हणाल्या, “फारच नीट केलंत.”

आठ दिवसांनी पत्र आलं. तुमच्या घरच्या सौजन्यानं भारावून गेले आहे. माझी वस्तू होती त्याहून चांगली करून तुम्ही मला परत केलीत. तुमच्या कारखान्याला उत्तमोत्तम ग्राहक लाभोत. बस्स, एवढंच. मालकांनी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा खूश झाले. तिनं मात्र ते एकदाच वाचलं. परदेशी पत्रं वाचून वाचून तिला एक कळायला लागलं होतं: ज्याला पुन्हा भेटायचं असतं तो इतके आभार मानत नाही.

त्या दुपारी तिनं घरूनच दलालाला फोन लावला. त्या देशात वीस वर्षं राहून आलेला, या बाईंची गाठ घालून देणारा माणूस तोच. भेटीच्या आठवड्यात नेमका दवाखान्यात पडून होता. बबडी टेबलाखाली बटणं मांडत बसली होती. तिनं फोन टेबलावर ठेवून पलीकडचं मोठ्यानं ऐकू येईल असा केला, कारण दोन्ही हातांनी ती लेकीच्या गणवेशाची घडी करत होती. सगळं सांगून झाल्यावर दलालानं एकच विचारलं.

“निघताना त्यांचं काही राहिलं होतं का तुमच्याकडे?”

“हातमोजा राहिला होता. पण आम्ही तासाभरात नेऊन दिला.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. या शांततेत मान नव्हता, हे तिला पुस्तिकेशिवाय कळलं.

“बाई, तो राहिला नव्हता,” तो म्हणाला. “त्यांनी ठेवला होता. घर आवडलं, माणसं आवडली की निघताना आपली एक वस्तू मागे ठेवतात. जोडीतली एक. म्हणजे मी परत येणार. घरच्यांनी ती तशीच राहू द्यायची, हातसुद्धा लावायचा नाही. काम पुरं झालं की येऊन घेऊन जातात.”

“आणि परत केली तर?”

“तर, ‘तुम्ही आला नाहीत तरी चालेल’ असा अर्थ होतो. आणि दुरुस्त करून परत केली तर…” तो अडखळला. “आपल्यात आता काहीच उरलं नाही, असं.”

तिनं विचारलं, पुस्तिकेत हे का नव्हतं? तो हसला, पण वाईट वाटून. म्हणाला, श्वास घ्यायचा असतो हे कोण लिहून ठेवतं?

मग ती बोलतच सुटली. मी पत्र लिहिते, आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून सांगते, फोन करते, माफी मागते. दलालानं तिला बोलू दिलं आणि मग समजावलं, की माफी मागायला आधी कुणीतरी चूक दाखवावी लागते. त्यांनी तर तुमचे आभार मानलेत. आता तुम्ही लिहिलंत तर त्यांनी झाकलेलं तुम्ही उघडं केलंत असं होईल. आणि एका घरात दोनदा कुणी वस्तू ठेवत नाही. मी बोललो तरी तेच. काही करता येणार नाही, बाई.

तरीही तिनं पत्र लिहिलं. एकदा नाही, चारदा. प्रत्येक वेळी ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ या वाक्याशी येऊन ती अडायची. ते खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर पाय धरता आले असते. भाव पाडून मागितला असता तर ओढाताण करता आली असती. पण गोड बोलून मिटलेल्या दाराला कडी नसते की वाजवावी. चारही कागद तिनं फाडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे तर हात दोन्ही जोडलेले होते.

मालकांना तिनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, पाय न दाबता, ते पूर्ण पाच मिनिटं गप्प बसले. दुसऱ्या दिवशी यंत्रवाला माणूस फीत घेऊन हातकामाच्या खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला.

संध्याकाळी सासूबाई घरी आल्या त्या आपलं घासायचं फडकं पिशवीत घालून. तीस वर्षांत ते कधी घरी आलं नव्हतं. त्यांनी ते धुतलं, पिळलं आणि दोरीवर बबडीच्या मोज्यांशेजारी वाळत घातलं. हातमोज्याचं काय झालं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं तिला धाडस नव्हतं.

“त्या बाईंना ते बटण आवडलं असेल ना गं?” चिमटा लावता लावता त्यांनी विचारलं.

“आवडलं, आई. पत्रात तसं लिहिलंय त्यांनी.”

“मग झालं तर. हातचं काम कुणाच्यातरी अंगावर राहिलं.”

ती स्वयंपाकघरात येऊन उगीचच धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला लागली. दुपारी शेजारची मैत्रीण बबडीशी खेळायला आली होती. दोघींनी मिळून घरभर पसारा केला होता, आणि आता तो आवरण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. थोड्या वेळानं दारात चप्पल घातल्याचा आवाज आला, मग काढल्याचा.

बबडी तिच्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या तळहातावर केसांची एक पिवळी पिन होती. मैत्रिणीची. जोडीतली एकच.

“आई,” ती म्हणाली, “ही ती विसरून गेली, की ठेवून गेली?”