जीप भरल्याशिवाय निघत नाही

पुंडलिकनगरातल्या त्या घरातून रोज सकाळी दहाला गंगापूरची जीप सुटायची. म्हणजे सुटायची वेळ दहाची. जीप भरल्याशिवाय निघत नाही हे पाच वर्षांच्या रूपाला पक्कं ठाऊक होतं. आजीच्या माहेरी जाताना ती खऱ्या जीपमध्ये तासभर नुसती बसून राहिली होती.

रूपाला सुट्टी लागली होती. आईवडील कामावर गेले की ती आणि तिचा सोळा महिन्यांचा भाऊ प्रणय, दोघंही आजोबांच्या, सांडूआबांच्या ताब्यात.

प्रणय अजून चालत नव्हता. रांगायचा असा की फरशी पुसायला नको. धरून उभा राहायचा, पण हात सोडायचा नाही. त्याच्या आईनं, करुणानं, उद्याची दवाखान्याची वेळ घेतली होती. ती आबांना काही बोलली नव्हती. पण आबांच्या मनात एकच घोळत होतं, लीला असती तर पोरगं कवाच चाललं असतं. आबांच्या बायकोनं, लीलाबाईनं, आकाशला, म्हणजे प्रणयच्या बापाला, तेल चोळून चोळून अकराव्या महिन्यात चालवलं होतं. थंडीत ती गेली आणि मालिश आबांच्या हाती आली. पोरगं त्यांच्या हातातून निसटायचं आणि तेल आबांच्याच गुडघ्यांना लागायचं. गुडघे मात्र सुधारले होते.

रूपानं खुर्च्या मांडल्या. स्टेअरिंगला ताटली घेतली, पुढं बुद्धाचा छोटा फोटो टेकवला. दोन उशा आणि एक अस्वल आत कोंबून त्यांना अजून सरकायला सांगितलं. मागं आबा बसले.

खिडकीजवळच्या खुर्चीवर आबांची दस्ती, त्यांचा हातरुमाल, होती. लीलाबाईला जीप लागायची, खिडकीच हवी असायची. म्हणून जीप थांबायच्या आत आबा खिडकीतून दस्ती टाकून जागा धरायचे. या खेळातही पहिल्याच दिवशी त्यांच्या हातानं ती तिथं टाकली होती. तेव्हापासून ती रोज तिथंच.

आज मात्र ड्रायव्हर वैतागली. मागं वळून म्हणाली, "ओ काका, ही दस्ती कोणाची?"

"माझी हाय. जागा धरलेली हाय."

"माणूस कुठंय?"

आबांनी दस्तीची घडी नीट केली. मग म्हणाले, "थांब की पाच मिनिटं."

"आता नाय थांबणार. लोकं वरडायलेत."

तिनं तोंडानं घर्रर्र करत गाडी चालू केली आणि शेवटची हाक दिली, "गंगापूर, गंगापूर, निघाली, निघाली!"

प्रणय दिवाणाला धरून उभा होता, तोंडात चमचा. आपल्याला टाकून सगळे चाललेत हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात सोडला. एक पाऊल, दुसरं, मग भला मोठा झोक, आणि नंतर थेट चार. आबा अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आवाज केला तर पोरगं दचकेल. खिडकीच्या खुर्चीशी पोचून प्रणयनं दस्ती ओढली, पोटावर झोपत वर चढला आणि चमचा टाकून दस्ती चावत बसला.

"भरली," रूपा म्हणाली. मग तिला कळलं. "आबा, हा चालत आला?"

"व्हय."

"दस्ती घेऊ का त्याच्याकडून?"

"नको. राहू दे त्याच्यापाशीच."

मग दोघांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही, दाखवायचं. संध्याकाळी करुणा चपला काढत होती तेव्हा रूपानं पुन्हा गाडी चालू केली. खिडकीची जागा रिकामी होती, या वेळी आबांनी तिच्यावर काही टाकलं नव्हतं. प्रणय हात सोडून निघाला, पण जीपकडे नाही. सरळ आईकडे गेला.

करुणा तिथंच खाली बसली. सासऱ्यांना म्हणाली, "मामा, कधी चालला हा?"

"आत्ताच. तुझ्यासमोर."

"सकाळच्या गाडीलाबी आला व्हता," ड्रायव्हर म्हणाली.

करुणानं डोळे पुसले, हसली. "मग तुमची मालिश लागू पडली म्हणायची."

आबांनी आपल्या तेलकट गुडघ्यांकडं पाहिलं. "लागू तर पडली," ते म्हणाले आणि झटक्यात उठून चहा ठेवायला गेले.