राखणदाराच्या डोळ्यावर माळ

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. मला पापणी नाही, आसवं नाहीत आणि मिटणं ठाऊक नाही. रत्नागिरी शहर जिथं सुरू होतं तिथं एक तिठा आहे. तिथून एक वाट पावसला जाते, एक पालीला आणि एक शहरात. त्या तिठ्यावर सिग्नलसमोरच्या लोखंडी खांबावर मी गेली सहा वर्षं उभा आहे. दिवा तांबडा झाल्यावर जो पांढरी रेघ ओलांडतो, त्याच्या गाडीचा फोटो काढायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझी काच पुसली आणि काहीतरी पुटपुटली. तिची भाषा मला कळली नाही, पण लेकराला शाळेत धाडताना आई जशी तोंड पुसते, तसा तिचा हात फिरला होता. मग खोक्यात बसून मी आंबा घाट उतरलो आणि इथं आलो.

मला इथंच का आणलं, ते खांबाखाली बसणाऱ्या मथुरेच्या तोंडून कळलं. मथुरा मासे विकते. सकाळी एसटीतून उतरते, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन रस्ता ओलांडते आणि माझ्या सावलीत बसते. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "हितंच तो दाजींचा भाऊ गेला. सदू. डंपर थांबलाच नाय बगा. तवा हा दिवा आला नि हा वरचा डोळा आला."

दाजींचा निळा टेम्पो आहे. आंब्याच्या दिवसांत आंब्याच्या पेट्या, एरवी पावसचे नारळ, असा त्यांचा धंदा. मला खांबावर चढवलं त्या दिवशी दाजी एक नारळ घेऊन आले. आमच्या कोकणात गावाच्या हद्दीवर राखणदार असतो. त्याला वर्षातून एकदा राखण म्हणून नारळ-कोंबडा द्यायचा, सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं. दाजींनी मलाच गाऱ्हाणं घातलं.

"बा तिठ्याच्या राखणदारा! आज तुझी हितं थापना झाली हाय. माझा सदू गेला, तो गेला. पन हितनं जानाऱ्या-येनाऱ्या लेकरांची राखन कर. आमची नजर चुकली तरी तुझी चुकू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रिक्षावाले आणि कोळणी एका सुरात म्हणाल्या.

मथुरा तेवढ्यात बोललीच, "दाजी, ह्या देवाला नारळ नको. ह्याला नंबरपलेट लागते!"

सगळे हसले. दाजीही हसले, पण डोळे पुसत हसले. तेव्हापासून टेम्पो तिठ्यावरून जाताना दाजींचा उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावरून सुटायचा, कपाळाला लागायचा आणि परत चाकावर यायचा. सहा वर्षांत एकही दिवस तो हात चुकला नाही.

मित्रांनो, मला देवपण नको होतं. मी तर लोकांच्या शिव्या खाणारा. तिठा जवळ आला की माणसं हेल्मेट चढवत आणि पुढच्या वळणावर काढून हँडलला अडकवत. समोरच्या चहाच्या टपरीवर विम्याचा एजंट गुरुप्रसाद बसायचा. तो सगळ्यांना भीती घालायचा, "दंडाची चलनं साठवू नका हां. उद्या चलनं बघून गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवतील. वरती तसं चाललंय." ते खरं की खोटं, मला माहीत नाही. पण मरणाला न भिणारी माणसं हप्त्याला भिऊन रेघेमागं थांबत. मला त्याचा राग नव्हता. थांबत होती ना!

हळूहळू तिठ्यावर रक्त सांडायचं थांबलं. शाळेची मुलं हात धरून रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जाऊ लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मथुरा माझ्याकडे बघून ओवी म्हणायची:

तिठ्याच्या देवा तुला, नाही हात, नाही पाय
वाटेवरल्या लेकराचा, तूच बाप, तूच माय

अशी ओवी ऐकली की खांबाचं लोखंडही ऊन ऊन व्हायचं.

मग खारा वारा लागून माझ्या पेटीला गंज चढला. कोळ्यानं जाळं विणलं. पुसायला कुणी आलं नाही. आणि मागचा दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्या धुतात, हार घालतात. दाजींनी टेम्पोला माळ घातली आणि दुसरी माझ्यासाठी आणली. खांबावर चढायचं वय नव्हतं. मग त्यांनी आंबे उतरवायचा झेला काढला. झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला जाळी. त्या जाळीतून झेंडूची माळ वर सरकवून त्यांनी माझ्या पेटीवर टाकली. "घे बाबा, तुझा बी सण," असं म्हणून ते गेले. दुपारी वारा सुटला. माळ घसरली आणि माझ्या काचेवर येऊन बसली. सगळं जग केशरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पावसच्या वाटेनं निळा टेम्पो आला. दोन फुलांच्या मधून मला एवढंच दिसत होतं: वर दिव्याचा ठिपका, खाली टेम्पोची पुढची काच आणि तिच्यापुढचे पट्टे. दिवा पिवळा झाला. दाजींचा हात चाकावरून सुटला आणि कपाळाला गेला. ते माझ्याकडे बघत होते, मित्रांनो. दिवा तांबडा झाला तेव्हाही ते माझ्याकडेच बघत होते.

पट्ट्यांवर मथुरा होती.

बांगडे रस्ताभर चांदीसारखे पसरले. मी फोटो काढला, पण नेमकं त्याच क्षणी एक फूल फटीवर झुकलं. त्या फोटोत केशरी डागाशिवाय काहीच नव्हतं.

मथुरेच्या मांडीचं हाड मोडलं. तिला इस्पितळात नेलं. दाजी रस्त्यात बसून तिची रिकामी पाटी छातीशी धरून होते. दर्शन हवालदार पंचनाम्याला आला. "दाजी, सिग्नल कुठला होता?"

दाजींचे ओठ हलले. "आठवत नाय," ते म्हणाले.

दोनच दिवसांत तिठ्यानं निकाल लावला. जो तो म्हणू लागला, "मथुरेला कुठं लाल-हिरवं कळतं? मनाला येईल तवा रस्ता वलांडते. दाजी लाल तोडनारा मानूस नव्हं." मथुरेचा जबाब इस्पितळात घेतला. ती म्हणाली, दिव्यातलं चालत्या माणसाचं हिरवं चित्र बघूनच मी पट्ट्यावर पाय ठेवला. कुणी मान डोलावली नाही. तिची चूक ठरली असती तर टेम्पोच्या विम्याकडून उपचाराला मिळायचं तेही अडलं असतं. घरात ती एकटी मिळवती.

गुरुप्रसाद दाजींना माझ्या खांबाखालीच भेटला. आवाज बारीक करून म्हणाला, "दाजी, कॅमेऱ्यात काय पन नाय. मी विचारून आलोय. हिरवा व्हता म्हना नि मोकळे व्हा. नायतर केस लागेल, लायसन अडकेल, विम्याची सूट जाईल ती येगळीच. सा वर्षांत एक क्लेम नाय तुमचा!"

"आनि मथुरा?"

"तिचं काय ता बगू आपन. वर्गणी काढू."

दाजी वळून चालू लागले. जाताना त्यांनी मला हात जोडले नाहीत. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुम्हाला सांगतो, मला तोंड नाही याचं तेव्हा जेवढं दुःख झालं, तेवढं कधी झालं नव्हतं. मथुरा इस्पितळात; तिठ्यावर खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच. एकाचा डोळा फुलांनी झाकलेला, दुसऱ्याचा भीतीनं.

आठव्या दिवशी सकाळी दाजी चालत आले. खांद्यावर झेला होता. दर्शन हवालदार तिठ्यावरच उभा होता. रिक्षावाले होते, टपरीवर गुरुप्रसाद होता. दाजींनी बांबू वर केला, जाळीत माळ अडकवली आणि ओढली. सुकलेले झेंडू त्यांच्या डोक्यावर झडले. मला एकदम सगळं दिसलं: आभाळ, रेघ, पट्टे आणि खाली वर तोंड करून उभे असलेले दाजी.

"बा तिठ्याच्या राखणदारा," ते म्हणाले. आवाज गाऱ्हाण्याचा होता, पण फाटलेला. "तुज्या डोळ्यावर माळ मी घातली. आनि माज्या डोळ्यावर बी मीच घातली. तुला हात जोडत ऱ्हायलो नि दिवा बगितला नाय. दिवा तांबडा व्हता. माझ्या सदूला ज्यानं मारलं, त्यानं जे केलं तेच मी केलं. मथुरेची चूक नाय, म्हाराजा."

गाऱ्हाण्याला होकार लागतो. कुणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही.

गुरुप्रसाद पुढं झाला, "आवो दाजी, कोन विचारीत व्हता तुमाला?"

"हा," दाजींनी वर बोट केलं. "ह्याला सगळं दिसतंय, असं मीच जगाला सांगत फिरलो."

मला सगळं दिसत नाही, मित्रांनो. एक फूल मला आंधळं करतं. पण दाजींनी माझ्या फोटोत न आलेलंही मला दिसलं असं मानलं आणि त्या एका समजुतीपायी मथुरा खरी ठरली. दर्शननं खिशातून वही काढली आणि दाजींना हाताला धरून सावलीत बसवलं.

दाजींवर केस झाली. परवाना सहा महिने अडकला. मथुरेला विम्याची भरपाई मिळायचं काम अजून चालू आहे, पण कागदावर आता तिची बाजू लिहिलेली आहे.

माघ महिन्यात मथुरा परत आली. हातात काठी होती. पाटी दाजींच्या डोक्यावर होती आणि ते नाक मुरडत चालले होते.

"सांभाळून, दाजी. बांगडे हायत, नारळ नायत," ती म्हणाली.

"वास येतो गो."

"येनारच. देव नाय डोक्यावर, मासा हाय."

दोघं पट्ट्यांपाशी थांबले. वाट पाहता पाहता मथुरा माझ्याकडे बघून म्हणाली, "हात जोडा की राखणदाराला. सोडलंत वाटतं?"

"थांब गो मथुरे," दाजी म्हणाले, "आदी दिवा बगू दे."

मित्रांनो, माझी काच कधीतरी पुसा. मला माळ घालू नका. माझ्या भीतीनं थांबलात तरी चालेल, विम्याच्या भीतीनं थांबलात तरी चालेल. पण एखाद्या दिवशी मी झाकलेला असेन, बिघडलेला असेन, खांबावरून उतरवलेलाही असेन. त्या दिवशीही दिवा तांबडा होईल, आणि पलीकडून कुणाची तरी मथुरा डोक्यावर पाटी घेऊन पट्ट्यावर पाय ठेवेल.

तेव्हा माझ्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा.