हँडल उंच केलेली सायकल

माझं हँडल जरा जास्तच वर आहे आणि सीट बरीच खाली. असा विचित्र बांधा घेऊन मी कंपनीतून आले नाही. मी एक काळी, मोठ्या कॅरिअरची सायकल. माझ्या मालकाच्या दुखण्यानं मला असं घडवलं.

मालकाचं नाव गुंडप्पा. अणदूरजवळच्या एका वस्तीवर राहणारा. बहात्तरच्या दुष्काळात तो आणि त्याची बायको शिवगंगा खडी फोडत होते. दुष्काळ सरला, गावात दुधाची सोसायटी निघाली, तेव्हा त्यानं सोलापूरहून मला आणलं. वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीवर पोचवायचं, हे आमचं काम. भरलेली किटली तो एका हिसक्यात उचलून कॅरिअरला अडकवायचा. लोक बघत राहायचे, आणि लोकांनी बघावं असं त्यालाही वाटायचं.

काही वर्षांनी त्याच्या छातीत जळजळायला लागलं. भाकरी घाईघाईनं खाऊन तो लगेच माझ्यावर बसायचा, वाऱ्याच्या तोंडाला हँडलवर ओणवा व्हायचा. मग घशाशी आंबट यायचं. सोडा पिऊन तो दिवस ढकलत होता. एकदा चढावर तो छाती धरून खालीच बसला. काळजाचं दुखणं असणार म्हणून सगळे घाबरले. शिवगंगानं त्याला एसटीत घालून सोलापूरला नेलं.

परत आल्यावर अंगणात ती शेजारच्या दगडाबाईला सांगत होती, "काळजाला काय न्हाय झालं. छाती आन् पोटाच्या मधी पडदा असतोय म्हणं. त्याचं भोक सैल झालंय, तितनं पोटाचा शेंडा वर सरकतोय."

"मग सायकल बंद का?"

"न्हाय. जेवल्या जेवल्या बसायचं न्हाय, वाकायचं न्हाय, पट्टा सैल ठिवायचा. दुखाया लागलं की उतरायचं, आन् जास्त झालं तर दवाखाना गाठायचा. वजन मातर उचलायचं न्हाय."

त्याच आठवड्यात माझं हँडल वर गेलं, सीट खाली आली. गुंडप्पा आता ताठ बसायचा, थोडं थोडं खायचा. झोपेत आंबट घशाशी येऊ नये म्हणून बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटाही आल्या. एवढं सगळं त्यानं ऐकलं, पण किटली सोडली नाही.

"बायकोनं किटली उचलायची आन् म्या बघत हुबा ऱ्हायचं?" शिवगंगा 'मी उचलते' म्हणाली की तो म्हणायचा.

पुढं पुन्हा एका वर्षी पाऊस हुकला. चाऱ्याअभावी दूध आटलं, जे होतं ते लोकांनी पोरांच्या तोंडचं काढून दिलेलं. अशाच एका सकाळी डेअरीच्या दारात किटली उचलताना त्याला कळ आली. त्याच्या हातून ती सुटली, मीही आडवी झाले. सगळं दूध मातीत गेलं. तो तिथंच ओकत बसला.

संध्याकाळी मला हातात धरून तो दारोदार सांगत फिरला. कुणी रागावलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

घरी शिवगंगा म्हणाली, "दूध सांडलं, ते उद्या पुन्हा निघंल. तुमी सांडला तर म्या कुणाच्या दारात जाऊ?"

तो बराच वेळ माझी चेन पुसत राहिला. मग म्हणाला, "उद्या संगं ये."

दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यानं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. शिवगंगानं किटलीला हात घातला. गुंडप्पाची मान खाली होती. सोसायटीचे चेअरमन आबाराव पायरीवरून उतरले, त्यांनी किटलीचा दुसरा कान धरला आणि म्हणाले, "वैनी, दमानं." बस, एवढंच. कुणी हसलं नाही.

आता दूध न्यायला टेम्पो येतो. माझ्या रिमा गंजल्यात, घंटी वाजत नाही. तरी सकाळी हलकं पोट असताना गुंडप्पा माझ्यावर बसून शेताकडं निघतो. शिवगंगा मागून चालत येते. चढ आला की तो आपसूक उतरतो, ती गाठेपर्यंत थांबतो, मग दोघं बोलत बोलत मला वर नेतात. मागून कुणी घाईत येत असेल, तर त्यानं बाजूनं जावं. आम्ही सावकाश येतोय.